चित्रातले माप आणि तराजूतले वजन

जयपूर शहरातून दक्षिणेकडे टोंकच्या रस्त्याला लागले, आणि ठशांच्या छपाईसाठी नावाजलेले सांगानेर मागे टाकले, म्हणजे सीतापुरा ही राजस्थानच्या औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेली विस्तीर्ण वसाहत लागते. येथील कारखान्यांत, आणि निर्यातीसाठी मुक्रर केलेल्या विशेष आर्थिक क्षेत्रात, रत्नांना पैलू पाडण्याचा आणि ती दागिन्यांत बसविण्याचा जो उद्योग चालतो, त्याची मुळे जुन्या शहरातील जोहरी बाजारात आहेत. या उद्योगात पदोपदी एक प्रश्न उभा राहतो. जी वस्तू आहे त्या स्थितीत तराजूत घालता येत नाही, तिचे केवळ दिसणारे रूप मोजून तिचे घनफळ आणि वस्तुमान सांगता येईल काय, आणि सांगितले तर त्या सांगण्यावर कितपत विसंबावे?

जयपुरी कुंदनकामात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या दाबून खडा त्याच्या घरात जखडलेला असतो, खड्याखाली तेज वाढविणारा वर्ख असतो, आणि दागिन्याची पाठ मीनाकारीने भरलेली असते. त्यामुळे पाहणाऱ्याला खड्याचे फक्त मुख दिसते, त्याची खोली दिसत नाही. त्यातही पोलकी म्हणून बसविलेले हिरे बहुधा चपटे असतात, म्हणजे रुंद मुखावरून भरघोस वजन गृहीत धरणारा हमखास फसतो. दागिना मोडल्याशिवाय खडा बाहेर येत नाही, आणि वजन कळावे एवढ्यासाठी कोणी दागिना मोडीत नाही. मग जवाहिऱ्यासमोर उरते ते एक सपाट चित्र. लांबी आणि रुंदी त्याच्या स्वाधीन, तिसरे परिमाण मात्र सोन्याच्या आड.

हीच अडचण रत्नांच्या बाजारापलीकडेही सर्वत्र आढळते. नदीच्या वाळूचा कण, औषधाच्या भुकटीतील रवा, हवेतील धूळ, खडकाच्या पातळ कापात दिसणारे खनिज, या सर्वांचे चित्र सूक्ष्मदर्शकाखाली सहज मिळते; परंतु एकेक कण तराजूत घालणे अशक्य किंवा अतिशय खर्चाचे असते. म्हणून चित्रावरून वजन काढण्याचे शास्त्र निर्माण झाले. त्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते: चित्र दोन परिमाणांची साक्ष देते, आणि तिसऱ्या परिमाणाविषयी जे काही आपण म्हणतो, ते अन्य कोठून तरी आणलेले ज्ञान असते. ते ज्ञान कोठून आणले आणि ते कितपत खरे आहे, यावर साऱ्या हिशेबाची किंमत ठरते.

हा विचार आपल्या देशात नवा नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने पुढे मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या ‘लीलावती’त राशिव्यवहार नावाचा एक भाग आहे. खळ्यात धान्याची रास पडलेली आहे. तिच्या शिखरापासून तळापर्यंत दोरी सोडण्याची सोय नाही. जमिनीवर तिचा घेर तेवढा मोजता येतो. अशा वेळी भास्कराचार्य सांगतात की, धान्य जाड दाण्याचे असेल तर घेराचा दहावा भाग, बारीक दाण्याचे असेल तर अकरावा भाग, आणि कुसळाचे असेल तर नववा भाग ही राशीची उंची समजावी. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणावे, म्हणजे घनफळ येते. घेर 60 हात असेल तर जाड धान्याची रास 600 घनहात, बारीक धान्याची सुमारे 545, आणि कुसळाच्या धान्याची सुमारे 667 घनहात भरते.

या नियमाची थोडी उकल करून पाहावी. शंकूचे घनफळ त्याच वर्तुळावरील तितक्याच उंचीच्या दंडगोलाच्या एकतृतीयांश असते, आणि परिघ व्यासाच्या स्थूलमानाने तिप्पट धरला की घेराच्या षष्ठांशाचा वर्ग गुणिले उंची हेच सूत्र हाती येते. हा झाला भूमितीचा भाग. उंची घेराचा कितवा भाग, हे मात्र भूमिती सांगत नाही. ते धान्य सांगते. घसरणारे बारीक दाणे रास बसकी करतात, एकमेकांत अडकणारी कुसळे ती उंच ठेवतात, आणि हे ज्ञान खळ्यावरच्या दीर्घ अनुभवाचे आहे. घेर एकच असताना केवळ धान्याच्या जातीमुळे 545 आणि 667 इतकी तफावत पडते, हे भास्कराचार्यांनी उदाहरण देऊन दाखविले. आजच्या परिभाषेत ज्याला आकारगुणक म्हणतात, तो त्यांनी धान्याच्या जातीनुसार स्वतंत्र ठेवला, आणि तो कोणत्या जातीचा हे उघडपणे लिहून ठेवले. या शास्त्राचा पहिला धडा हाच आहे.

दुसरा धडा जयपूरशीच निगडित आहे. 1727 साली हे शहर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी पंडित जगन्नाथ सम्राट हे विद्वान होते. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय मानते. त्यांनी नसीरुद्दीन तूसीच्या अरबी संस्करणावरून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली, आणि तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापून प्रसिद्ध झाला. युक्लिडच्या बाराव्या अध्यायात असे सिद्ध केले आहे की, दोन गोलांची घनफळे त्यांच्या व्यासांच्या घनांच्या प्रमाणात असतात. व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होते, तिप्पट झाला की सत्तावीसपट. चित्रात मात्र व्यास दुप्पट झालेला कण क्षेत्रफळाने फक्त चौपट मोठा दिसतो. डोळ्याला क्षेत्रफळ दिसते आणि तराजूला घनफळ जाणवते, म्हणूनच नुसत्या नजरेने वजनाचा अंदाज करणारा मोठ्या कणांना नेहमी कमी लेखतो.

याच नियमातून चुकीचा हिशेबही निघतो. व्यास मोजताना शंभरात एकाची चूक झाली तर घनफळात सुमारे तिनाची होते. व्यास दहा टक्के अधिक धरला तर घनफळ तेहतीस टक्क्यांनी फुगते, आणि दहा टक्के कमी धरला तर सत्तावीस टक्क्यांनी घटते. म्हणजे दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या असल्या तरी त्या एकमेकींना पुरत्या छेदत नाहीत. अधिकाची बाजू थोडी जड राहते. मापात उरलेली किंचित हयगय तिप्पट होऊन वजनात उतरते, हे ध्यानात ठेवून मापावर श्रम करावे लागतात.

आता रत्नपारख्याच्या सूत्राकडे वळू. गोल पैलूंच्या खड्याचा व्यास आणि खोली मिलिमीटरमध्ये मोजावी. व्यासाचा वर्ग, खोली, खनिजाचे विशिष्ट गुरुत्व आणि 0.0018 हा गुणक यांचा गुणाकार करावा, म्हणजे वजन कॅरटमध्ये येते, असा प्रघात आहे. हिऱ्यासाठी गुरुत्व आणि गुणक या दोहोंच्या जागी 0.0061 ही एकच संख्या वापरतात. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या आणि 3.9 मिलिमीटर खोलीच्या हिऱ्याला हे सूत्र लावले की उत्तर जवळजवळ बरोबर एक कॅरट, म्हणजे 200 मिलिग्रॅम येते.

हा गुणक आला कोठून? खडा ज्यात नेमका मावेल अशा दंडगोलाचे घनफळ काढावे, ते गुरुत्वाने गुणून मिलिग्रॅम करावेत, आणि 200 ने भागून कॅरट करावेत. असे केले असता गुणक 0.0039 च्या आसपास येतो. प्रघातातील 0.0018 हा त्याच्या सुमारे सेहेचाळीस टक्के आहे. याचा अर्थ असा की, पैलू पाडलेला गोल खडा आपल्या दंडगोलाचा निम्म्याहून थोडा कमी भाग व्यापतो. शुद्ध शंकू एकतृतीयांश व्यापतो. खड्याचा खालचा भाग शंकूसारखा निमुळता असला तरी वर मुकुट आणि मध्ये मेखलेची, म्हणजे कमरेच्या कडेची, जाडी असते, म्हणून प्रमाण तृतीयांशाच्या वर आणि अर्ध्याच्या खाली स्थिरावते. खड्याचा सारा घाट असा एका संख्येत साठविलेला असतो. कारागिराने मेखला जाड ठेवली किंवा खालचा भाग फुगीर ठेवला, तर तोच व्यास आणि तीच खोली असूनही वजन वाढते, आणि मग अनुभवी पारखी गुणकात टक्केवारीने भर घालतो.

चित्रात घनतेचाही पत्ता नसतो. हिऱ्याचे विशिष्ट गुरुत्व 3.52, माणिक आणि नीलम यांचे सुमारे 4.00, पाचूचे सुमारे 2.72, स्फटिकाचे 2.65, आणि हिऱ्याचे सोंग घेणाऱ्या कृत्रिम झिर्कोनियाचे साडेपाचाच्याही वर. एकाच घाटाचे आणि मापाचे दोन पांढरेशुभ्र खडे छायाचित्रात हुबेहूब सारखे दिसतील. पण त्यांपैकी एक हिरा आणि दुसरा झिर्कोनिया असेल, तर दुसरा दीडपटीहून अधिक भारी भरेल. पदार्थ कोणता हे आधी निश्चित झाल्याशिवाय घनफळाचे वजनात रूपांतर करणे म्हणजे जमिनीचा मगदूर न पाहता तिच्यावर सारा बसविण्यासारखे आहे.

आता कॅमेऱ्याने कण मोजण्याची आधुनिक रीत पाहू. कण एका स्वच्छ पृष्ठावर एकमेकांपासून सुटे पसरतात, खालून सम प्रकाश देतात, आणि ज्ञात मापाची पट्टी सोबत ठेवून चित्र घेतात. संगणक चित्राचे बारीक चौकोनी बिंदू करतो, काळे बिंदू कणांचे आणि उजळ बिंदू पार्श्वभूमीचे असा निवाडा करतो, आणि प्रत्येक कणाचे बिंदू मोजून त्याचे क्षेत्रफळ देतो. मग तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास काढून कण त्याच व्यासाचा गोल आहे असे धरतात. टोंक जिल्ह्यातील राजमहालचा तामडा, म्हणजे गार्नेट, प्रसिद्ध आहे. त्याच्या एखाद्या गोटीदार कणाचे क्षेत्रफळ 0.785 चौरस मिलिमीटर आले, तर समतुल्य व्यास एक मिलिमीटर, घनफळ 0.52 घन मिलिमीटर, आणि गुरुत्व चार धरल्यास वस्तुमान सुमारे 2.1 मिलिग्रॅम होते. कण लांबट असेल तर त्याच्या लांबीरुंदीवरून लंबगोल कल्पितात, आणि जाडी रुंदीइतकीच आहे असे गृहीत धरून तिन्ही परिमाणांच्या गुणाकाराला 0.52 ने गुणतात. सारे शास्त्र या ‘गृहीत धरून’मध्ये आहे.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. कणाची कड चित्रात नेहमी थोडी धूसर असते, आणि काळे कोठे संपले याचा निवाडा अर्ध्या बिंदूने इकडे किंवा तिकडे होऊ शकतो. कण दहा बिंदूंएवढा रुंद असेल, तर दोन्ही कडांचा अर्धा अर्धा बिंदू मिळून रुंदीत दहा टक्क्यांची आणि घनफळात तीस टक्क्यांच्या आसपास चूक संभवते. तोच कण शंभर बिंदू व्यापील इतके मोठे चित्र घेतले, तर ही चूक तीन टक्क्यांवर येते.

गृहीत धरलेली जाडी किती दगा देते, याचे उत्तम उदाहरण अभ्रक. राजस्थानात भिलवाड्याच्या बाजूला सापडणारे हे खनिज पापुद्र्यांचे असते, आणि त्याचा चुरा पसरला की प्रत्येक पापुद्रा आडवा पडून आपले सर्वांत मोठे मुख वर करतो. दोन मिलिमीटर व्यासाचा आणि एक शतांश मिलिमीटरच्या पाचपट जाडीचा पापुद्रा गोल समजला, तर त्याचे वजन खऱ्याच्या सव्वीसपटींहून अधिक येते. वरून घेतलेल्या चित्रात पुरी आणि तिच्याच व्यासाचा लाडू यांत भेद उरत नाही. शिवाय ही चूक कधी अधिक, कधी उणी अशी होत नाही. सपाट पडणारा प्रत्येक कण तिला एकाच दिशेने ढकलतो. म्हणून कितीही हजार पापुद्रे मोजले तरी सरासरीने ती धुऊन निघत नाही. यादृच्छिक चूक संख्येने कमी होते, पण पक्षपाती चूक संख्येने फक्त ठाम होत जाते.

कण आडवे पडू न देता द्रवात तरंगत किंवा हवेतून पडत असताना त्यांचे चित्र घेतले, आणि ते सर्व दिशांना सारखेच वळलेले असले, तर मात्र गणित आपल्या मदतीला येते. ऑगस्तँ कोशी या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात असे दाखविले की, कोठेही खळगा नसलेल्या कोणत्याही घनाच्या छायेचे सर्व दिशांतील सरासरी क्षेत्रफळ त्याच्या एकूण पृष्ठफळाच्या बरोबर एकचतुर्थांश असते. एक एकक बाजूचा घन घेतला, तर त्याचे पृष्ठफळ 6 आणि सरासरी छाया दीड. पण तोच घन टेबलावर ठेवला, तर वरून त्याची छाया फक्त 1 भरते. हा सिद्धांत खळगा नसावा यापलीकडे आकाराविषयी काहीही गृहीत न धरता पृष्ठफळ देतो, ही त्याची थोरवी; आणि तो घनफळ देत नाही, ही त्याची मर्यादा. नुसत्या छायांवरून एका कणाचे घनफळ निर्विवाद काढता येत नाही.

छायेऐवजी छेद मिळाला, तर मात्र एक आश्चर्यकारक गोष्ट शक्य होते. अशील देलेस या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने 1847 साली प्रतिपादन केले की, खडक कोठेही सपाट कापला आणि त्या कापावर एखाद्या खनिजाने क्षेत्रफळाचा जितकवा भाग व्यापला असेल, तितकवाच भाग त्याने संपूर्ण खडकाच्या घनफळाचा व्यापलेला असतो, मात्र काप यदृच्छेने घेतलेले आणि पुरेसे असावेत. येथे कण गोल की चपटा, लांबट की ओबडधोबड, हा प्रश्नच उद्भवत नाही. पुढे 1898 मध्ये रोझिवाल यांनी क्षेत्रफळाऐवजी रेषा आणि 1933 मध्ये ग्लागोलेव्ह यांनी नुसते बिंदू मोजूनही तेच उत्तर मिळते असे दाखविले. आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्टात वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्यांचे घनफळ याच मार्गाने काढता येते. समजा, एका खडकाच्या कापावर दशांश भाग तामडा आणि बाकी सर्व स्फटिक आहे. तर घनफळानेही तामडा दशांशच, पण घनता 4.0 आणि 2.65 असल्यामुळे वजनाने तो शंभरात चौदांहून थोडा अधिक भरतो.

परंतु याच छेदावरून एकेका कणाचा आकार सांगू लागलो, की पुन्हा फसगत होते. सुरी गोलाच्या नेमक्या मध्यातून क्वचितच जाते. सर्व गोल सारखेच असले तरी कापावरची वर्तुळे लहानमोठी दिसतात, आणि त्यांचा सरासरी व्यास खऱ्या व्यासाच्या सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्केच भरतो. गोल लहानमोठे असतील तर आणखी एक गुंता होतो: मोठा गोल सुरीच्या वाटेत येण्याचा संभव अधिक, म्हणून कापावर मोठ्यांचे प्रतिनिधित्व वाजवीपेक्षा जास्त होते. या दोन परस्परविरोधी विकृती उलगडण्याचे गणित स्वीडनच्या विक्सेल यांनी 1925 साली मांडले. तात्पर्य, समूहाचे एकूण घनफळ छेदावरून निर्धास्तपणे सांगावे. एका कणाचे सांगताना हात आखडावा.

संख्या आणि वजन यांचा गोंधळ तर आरोग्याच्या प्रश्नापर्यंत पोचतो. सिलिकायुक्त दगडाला पैलू पाडताना उडणारी धूळ फुप्फुसांत साचून कारागिराला सिलिकोसिसचा असाध्य विकार जडतो, हे सर्वज्ञात आहे. हवेतील धुळीचे माप दहा मायक्रॉन आणि अडीच मायक्रॉन अशा दोन मर्यादांनी करतात. दहा मायक्रॉनचा एक कण वजनाने अडीच मायक्रॉनच्या 64 कणांइतका, आणि एक मायक्रॉनच्या हजार कणांइतका असतो. म्हणून चित्रात कण मोजणाऱ्याला बारीक धूळच सर्व काही वाटते, आणि गाळणकागद आधी व नंतर तोलणाऱ्याच्या बेरजेत थोडे मोठे कण बाकी सर्वांना झाकून टाकतात. परंतु फुप्फुसांच्या खोलवर पोचतात ते बारीकच. दोन्ही मापे खरी असून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि एकाच्या जागी दुसरे ठेवले तर कारागिराच्या प्रकृतीची आकारणी चुकते. उलट ज्याला वजनच हवे आहे, त्याने हेही ओळखावे की एकूण वजनाचा मोठा वाटा मोजक्या मोठ्या कणांत असतो. चित्रात ते दोनचारच आले, तर हजारो बारीक कण मोजूनही उत्तर डळमळीतच राहते.

या सर्व अडचणींवर उपाय आहे, आणि तो तराजूतच आहे. एकेक कण तोलता आला नाही तरी पुष्कळ कण एकत्र तोलता येतात. ज्या जातीचे कण मोजावयाचे, त्यांतून यदृच्छेने काही शे उचलावे, त्यांचे चित्र घेऊन गोल धरून एकूण वजन काढावे, मग तेच कण एकदम तराजूत घालावे, आणि खऱ्या वजनाला काढलेल्या वजनाने भागावे. जे प्रमाण येईल तो त्या जातीचा आकारगुणक. पुढच्या चित्रांना तो लावावा, आणि खाण, यंत्र किंवा चाळणी बदलली की तो पुन्हा ठरवावा. शक्य असेल तेथे बाजूने दुसरे चित्र घ्यावे, तिरप्या प्रकाशात पडणाऱ्या सावलीवरून उंची काढावी, किंवा सूक्ष्मदर्शक आधी कणाच्या माथ्यावर आणि मग तळावर जुळवून मधले अंतर वाचावे. तिसऱ्या परिमाणाची अल्पशी प्रत्यक्ष साक्षही पुष्कळ गृहीतकांपेक्षा मोलाची असते.

आपल्या महसूल खात्यात पिकाची आणेवारी ठरविताना नजरपाहणीच्या जोडीला निवडक शेतांत प्रत्यक्ष कापणी करून धान्य तोलण्याची पद्धत रूढ झाली, तिच्यामागे हेच तत्त्व आहे: अंदाज सर्वांचा करावा, तोल थोड्यांचा घ्यावा, आणि त्या थोड्यांनी सर्वांच्या अंदाजाला शिस्त लावावी. चित्रावरून काढलेले वजन त्याज्य नाही. खडा कोंदणात असता, कण नखापेक्षा बारीक असता आणि खडक अखंड असता तेच आपले एकमेव साधन असते. मात्र असे वजन कागदावर लिहिताना त्याच्या शेजारी कण कोणत्या आकाराचे मानले, घनता कोणती घेतली, गुणक कोणत्या तोलावरून ठरविला आणि चूक किती संभवते, या चार गोष्टी लिहिल्याच पाहिजेत. दाण्याची जात सांगितल्याशिवाय राशीची उंची न सांगणाऱ्या भास्कराचार्यांचा हा दंडक आजच्या प्रत्येक प्रयोगशाळेने पाळावा, आणि वाचकानेही या चार गोष्टींवाचून दिलेले वजन प्रमाण म्हणून स्वीकारू नये.